मुलाच्या मेंदूत ‘फरक’ सापडला, म्हणजे नेमकं काय सापडलं?

२०२४ साली ‘द लॅन्सेट सायकियाट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठं संशोधन प्रसिद्ध झालं. गंभीर वर्तनविकार असलेल्या मुलांच्या मेंदूची रचना इतर मुलांपेक्षा थोडी वेगळी दिसते, हा त्याचा गाभा. अशी बातमी आली की तिचे दोन अर्थ लावले जातात. एक म्हणजे, ‘बघा, मूल जन्मतःच तसं असतं, त्याला आईबाप काय करणार?’ दुसरा म्हणजे, ‘चला, आता मेंदूचा एमआरआय काढला की कळेल आपल्या मुलाला काय झालंय ते.’ पहिला अर्थ आईबापांना हात टेकायला लावतो आणि दुसऱ्यापायी पैसा आणि वेळ भलत्याच ठिकाणी जातो. संशोधनात यांपैकी काहीच म्हटलेलं नाही.

शेकडो मुलांच्या सरासरीत दिसलेला फरक एका मुलाबद्दल फार थोडं सांगतो, एवढी एक गोष्ट या सगळ्यातून पक्की कळली तरी माझ्या मते खूप झालं. पण ती नुसती सांगून पटत नाही. म्हणून मुळापासून सुरुवात करू.

हट्ट कुठे संपतो आणि विकार कुठे सुरू होतो?

दोन-तीन वर्षांचं मूल मारतं, चावतं, हातातली वस्तू भिरकावतं, जमिनीवर लोळण घेतं. यात काहीही विकार नाही. कॅनडातले संशोधक रिचर्ड ट्रेंबले यांनी मुलांचा लहानपणापासून पुढे अनेक वर्षं अभ्यास केला. माणूस सर्वांत जास्त मारामारी शाळेत जायच्या आधीच्या वयात करतो, हे त्यातून दिसलं. पुढे भाषा येते, स्वतःला आवरता येऊ लागतं आणि बहुतेक मुलांमध्ये मारणं-चावणं वर्षागणिक कमी होत जातं. आवरणं ही शिकायची गोष्ट आहे. ती काही मुलांना लवकर जमते, काहींना उशिरा आणि काहींना खूप मदतीनंतर.

डॉक्टर ‘विकार’ हा शब्द वापरतात तेव्हा मूल किती चिडलं एवढंच ते पाहत नाहीत. हे किती महिने चाललंय, किती वेळा होतं, घरातच होतं की शाळेतही, आणि त्यापायी मुलाचा अभ्यास, मैत्री, घरातली नाती यांचं किती नुकसान होतंय, हे सगळं पाहिलं जातं. यात तीन नावं वारंवार ऐकू येतात. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकत नाही, पाय एका जागी थांबत नाही, विचार करण्याआधीच कृती होऊन जाते. अपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर, म्हणजे ओडीडी, यात सतत चिडचिड, मोठ्यांशी वाद आणि मुद्दाम अवज्ञा निदान सहा महिने चालू असते. आणि कंडक्ट डिसऑर्डर हा या सगळ्यांत गंभीर. त्यात इतरांना किंवा प्राण्यांना इजा करणं, चोरी, मोडतोड, आग लावणं, घरातून पळून जाणं असे प्रकार येतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदान-पुस्तिकेत याची १५ लक्षणं दिली आहेत. त्यांतली किमान तीन गेल्या १२ महिन्यांत दिसलेली असावी लागतात.

या मुलांतला एक छोटा गट वेगळा ओळखला जातो. दुसऱ्याच्या दुःखाने न हलणारी, केल्याचा पश्चात्ताप न वाटणारी ही मुलं. त्यांच्याकडे आपण पुन्हा येऊ.

यात ‘मेंदू’ हा शब्द कुठेच आला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. निदान आजही वर्तनावरूनच होतं.

मेंदूत मोजतात तरी काय?

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. मोठ्या चुंबकाच्या साहाय्याने मेंदूची अंतर्गत प्रतिमा मिळते आणि संगणक त्यातल्या भागांची मापं काढतो. मापं मुख्यतः दोन जागची असतात.

पहिली जागा म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, कॉर्टेक्स. एखादी मोठी चादर लहान पेटीत चुरगळून कोंबावी तसा हा थर कवटीत घड्या पडून बसलेला असतो. उलगडून पसरला तर त्याचं क्षेत्रफळ दोन हजार चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरेल, आणि जाडी जेमतेम दोन ते चार मिलिमीटर. चादर किती लांब-रुंद आहे आणि किती जाड आहे या दोन वेगळ्या गोष्टी असतात, तसंच इथेही आहे. क्षेत्रफळ आणि जाडी यांच्यावर बऱ्याच अंशी वेगवेगळ्या जनुकांचा प्रभाव असतो. क्षेत्रफळाचा पाया मोठ्या प्रमाणात गर्भावस्थेतच घातला जातो. म्हणून फरक कशात दिसला, क्षेत्रफळात की जाडीत, याला संशोधक महत्त्व देतात. तो फरक केव्हा पडला असावा याचा थोडा अंदाज त्यावरून बांधता येतो.

दुसरी जागा म्हणजे या थराच्या खाली, मेंदूच्या पोटात असलेल्या लहान रचना. बदामाच्या आकाराचा अमिग्डाला धोका, भीती आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव टिपण्यात भाग घेतो. हिप्पोकॅम्पसचं मुख्य काम आठवणींचं. थॅलॅमस माहितीची ने-आण करतो. ‘भाग घेतो’ असं म्हणतेय, कारण ‘अमिग्डाला म्हणजे भीतीचं केंद्र’ किंवा ‘रागाचं बटण’ असली वाक्यं दिशाभूल करतात. रागासाठी राखून ठेवलेला असा मेंदूत एक भाग नाही. चिडण्यात आणि आवरण्यात बरेच भाग मिळून गुंतलेले असतात. कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, त्यात आवरण्याची बाजू सांभाळतो आणि तो पूर्ण पिकायला पंचविशीच्या आसपासचं वय उजाडतं.

मग सापडलं काय?

२०२४ च्या त्या अभ्यासात जगभरातल्या १५ संशोधनांमधली एमआरआय माहिती एकत्र केली होती. कंडक्ट डिसऑर्डर असलेली १,१८५ आणि नसलेली १,२५३ मुलं-तरुण, वय ७ ते २१. हे काम ‘एनिग्मा’ नावाच्या आंतरराष्ट्रीय संशोधनगटाने केलं. विकार असलेल्या गटात कॉर्टेक्सचं एकूण क्षेत्रफळ सरासरीने कमी भरलं. ३४ पैकी २६ भागांत हा फरक दिसला. जाडीतला फरक मात्र फक्त दोन भागांत होता. अमिग्डाला, हिप्पोकॅम्पस आणि थॅलॅमस यांचं आकारमानही सरासरीने कमी होतं. सर्वांत जास्त फरक दिसले ते आधी सांगितलेल्या, सहवेदना आणि पश्चात्ताप कमी असणाऱ्या गटात.

फरक इतक्या भागांत पसरलेला आहे, ही मला यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट वाटते. मेंदूच्या अमुक एका कोपऱ्यात बिघाड आहे, तो दुरुस्त केला की काम झालं, असं हे चित्र नाही.

एडीएचडीबद्दल याच संशोधनगटाचा २०१७ सालचा अभ्यास आहे. २३ ठिकाणचे १,७१३ एडीएचडी असलेले आणि १,५२९ नसलेले लोक त्यात होते. अमिग्डाला, हिप्पोकॅम्पस आणि आणखी काही भाग एडीएचडी असलेल्यांत सरासरीने लहान होते. पण हे फरक मुलांमध्ये जास्त स्पष्ट दिसले आणि प्रौढांमध्ये जवळजवळ दिसेनासे झाले. त्याच्याही आधी, २००७ साली, फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या २२३ आणि नसलेल्या २२३ मुलांच्या मेंदूची वाढ पाहिली होती. कॉर्टेक्स वाढत वाढत एका वयाला सर्वाधिक जाड होतो आणि मग पातळ होऊ लागतो. पातळ होणं हाही निरोगी वाढीचाच भाग. सर्वाधिक जाडी गाठायचं वय इतर मुलांत साधारण साडेसात वर्षं, तर एडीएचडी असलेल्यांत साडेदहा वर्षं निघालं. वाढीचा क्रम तोच होता, फक्त वेग मागे होता, तीन वर्षांनी.

दहा वर्षांच्या मुलाला ‘एवढा घोडा झालास, तरी एका जागी बसता येत नाही’ असं म्हणताना हे आठवावं. सगळ्यांच्याच बाबतीत एडीएचडी वयानुसार ओसरतो असा मात्र याचा अर्थ नाही. बऱ्याच जणांना त्रास मोठेपणीही राहतो.

फरक आहे म्हणजे केवढा?

बातमीत ‘फरक आढळला’ असं येतं, किती ते सहसा येत नाही.

२०१७ च्या एडीएचडी अभ्यासात सर्वांत मोठा फरक अमिग्डालाचा होता. संख्याशास्त्राच्या मापाने तो ०.१९ भरला. हा आकडा असा समजून घेता येईल. एडीएचडी असलेलं एक मूल आणि नसलेलं एक मूल अशा जोड्या चिठ्ठ्या टाकून निवडल्या, आणि प्रत्येक वेळी ‘ज्याचा अमिग्डाला लहान, त्याला एडीएचडी’ असं ठोकून दिलं. शंभर जोड्यांत तुम्ही साधारण ५५ वेळा बरोबर ठराल. डोळे मिटून नाणं उडवलं असतं तर ५० वेळा बरोबर ठरला असता. हजारो लोक तपासून, सर्वांत ठळक सापडलेला फरक आपल्याला नाण्याच्या एवढ्याच पुढे नेतो.

मग अशा संशोधनाला अर्थ काय, असं वाटेल. अर्थ आहे. विकार कसा घडतो, मेंदूचे कोणते भाग कोणत्या वयात गुंतलेले असतात, हे समजायला लहान पण खरा फरक उपयोगी पडतो. फक्त तो तपासणीच्या खोलीत, एका मुलाच्या बाबतीत वापरता येत नाही. दोन्ही गटांतल्या बहुसंख्य मुलांची मापं एकमेकांत मिसळलेली असतात. विकार असून मेंदूचं माप अगदी सरासरी असलेली मुलं भरपूर असतात आणि माप लहान असूनही वागण्यात काहीच अडचण नसलेलीही.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. पंचवीस-तीस लोकांच्या एमआरआयवर केलेले अभ्यास वर्षानुवर्षं छापले गेले आणि त्यांच्या बातम्याही झाल्या. २०२२ साली ‘नेचर’मध्ये स्कॉट मॅरेक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मेंदूची रचना आणि वर्तन यांचं नातं भरवशाने सांगायला हजारो लोक लागतात. लहान अभ्यासात योगायोगच शोध वाटू शकतो. म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: मुलं किती होती?

आधी काय, मेंदू की वागणं?

समजा फरक खरा आहे. तरी मेंदू वेगळा म्हणून मूल तसं वागतं, हे त्यातून सिद्ध होत नाही. उलटंही असू शकतं. आणि तिसरंच काहीतरी दोन्हींच्या मागे असू शकतं.

मेंदूतल्या बदलाने वागणं बदलतं याचे पुरावे आहेत. १९९९ साली अँटोनियो डमासिओ यांच्या गटाने दोन तरुणांबद्दल लिहिलं. दोघांच्याही प्रीफ्रंटल भागाला वयाच्या १६ महिन्यांच्या आत इजा झाली होती. घरची परिस्थिती चांगली, बुद्धी साधारण ठीक, पण मोठेपणी खोटं बोलणं, चोरी, बेजबाबदार वागणं सुटलं नाही आणि शिक्षेचा परिणाम झाला नाही. लहान वयात आवरण्याची यंत्रणाच दुखावली तर संस्कार कुठे रुजायचे, असा प्रश्न या दोन उदाहरणांनी उभा केला. पण अशी उघड इजा फार विरळ. वर्तनविकार असलेल्या बहुतेक मुलांच्या मेंदूला असं काही झालेलं नसतं.

अनुभवाने मेंदू बदलतो याचेही पुरावे आहेत. लंडनचे टॅक्सीचालक परवान्यासाठी हजारो रस्ते तोंडपाठ करतात. एलेनॉर मॅग्वायर आणि कॅथरीन वूलेट यांनी ७९ उमेदवारांचा शिकण्याआधी आणि नंतर अभ्यास केला. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या ३९ जणांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढलेला दिसला, इतरांचा नाही. ही तर मोठी माणसं. लहान मुलाचा मेंदू याहून कितीतरी जास्त घडणसुलभ असतो.

याचा सर्वांत वेदनादायक पुरावा रोमानियातून आला. १९८९ च्या अखेरीस तिथल्या हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली तेव्हा सरकारी अनाथालयांत लाखाहून अधिक मुलं होती. तिथे मुलांना कडेवर घेणारं, बोलणारं, रडल्यावर येणारं कायमचं माणूस नव्हतं. २००० च्या सुमारास चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी बुखारेस्टमध्ये १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. निम्मी मुलं चिठ्ठ्या टाकून निवडली आणि प्रशिक्षित पालक-कुटुंबांत, म्हणजे दत्तक न घेता मूल घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत, पाठवली. बाकीची नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. हे न्याय्य होतं का, यावर बराच वाद झाला. त्या काळी तिथे पालक-कुटुंबांची सोयच जवळपास नव्हती, ती या प्रकल्पाने उभी केली, आणि मागे राहिलेल्या मुलांना कुटुंब मिळालं तर कुणी अडवणार नव्हतं. तरीही हे वाचताना चैन पडत नाही.

मुलं आठ ते अकरा वर्षांची झाल्यावर त्यांचे एमआरआय काढले. अनाथालयात वाढलेल्यांच्या मेंदूतला करडा भाग, म्हणजे मुख्यतः चेतापेशींचा भाग, कुटुंबात वाढलेल्या मुलांपेक्षा कमी होता. पुढे पालक-कुटुंबात गेलेल्या मुलांतही ती उणीव राहिली होती. पण मेंदूच्या भागांना जोडणारा पांढरा भाग वेगळं सांगत होता. पालक-कुटुंबांत गेलेल्यांचा पांढरा भाग इतर मुलांच्या जवळ पोचला होता, अनाथालयात राहिलेल्यांचा नाही. इतर बऱ्याच बाबतींतही जी मुलं दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली, त्यांना जास्त फायदा झाला. म्हणजे दुर्लक्षाची खूण मेंदूवर उमटते. आणि मायेचीही उमटते, फक्त तिला उशीर परवडत नाही.

तिसरी शक्यता आहे दोन्हींच्या मागे दडलेल्या कारणाची. शिसं हे त्याचं स्पष्ट उदाहरण. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात जन्मापासून रक्तातलं शिसं मोजलेली मुलं मोठी झाल्यावर त्यांतल्या १५७ जणांचे एमआरआय काढले. लहानपणी ज्यांच्या रक्तात शिसं जास्त होतं, त्यांचा कपाळामागचा करडा भाग कमी भरला. त्याच अभ्यासातल्या लोकांत, लहानपणी जास्त शिसं असलेल्यांना पुढे अटक होण्याचं प्रमाणही जास्त होतं. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ ही पर्यावरण-संस्था यांच्या २०२० सालच्या अहवालाप्रमाणे जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाची पातळी दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे. एखादं मूल ऐकत नाही म्हणून आपण त्याच्यावर ओरडतो, तेव्हा त्याच्या घराच्या रंगात किंवा खेळण्यात काय आहे हे कुणी पाहत नाही, याचा मला राग येतो. गर्भारपणातलं मद्य, बाळंतपणातले त्रास, सततची मारहाण हीही अशीच कारणं, मेंदू आणि वागणं दोन्हींवर एकाच वेळी परिणाम करणारी.

पण हे आनुवंशिक असतं ना? मग काय करणार?

आनुवंशिकतेचा वाटा आहे, आणि एडीएचडीत तो मोठा आहे. जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून तो सरासरी ७४ टक्के निघतो. या आकड्याचा अर्थ मात्र फार चुकीचा लावला जातो. ‘माझ्या मुलाचा ७४ टक्के त्रास जनुकांमुळे’ असा तो अर्थ नाही. लोकांमध्ये एकमेकांत जो फरक दिसतो, त्यातला किती जनुकांतल्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो.

आणि आनुवंशिक म्हणजे न बदलणारं, हेही खरं नाही. फिनाइलकीटोन्यूरिया नावाचा आजार पूर्णपणे जनुकांतून येतो. उपचार न झाल्यास बाळाच्या मेंदूचं गंभीर नुकसान होतं. पण जन्मानंतर लगेच टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तो ओळखला आणि आहारातली विशिष्ट प्रथिनं कमी ठेवली, की ते नुकसान टळतं. जनुक तेच राहतं.

कुमारवयीन मुलांच्या पालकांसाठी न्यूझीलंडमधला डनेडिन अभ्यास दिलासा देणारा आहे. तिथे १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ जणांचा आजवर पाठपुरावा झाला आहे. टेरी मॉफिट यांनी त्यांच्यात दोन वाटा ओळखल्या. काही जण लहानपणापासून मोठेपणापर्यंत समाजविरोधी वागत राहिले. त्यांच्याहून जास्त जण फक्त कुमारवयात बिघडले आणि नंतर सावरले. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांच्यातल्या ६७२ जणांचे एमआरआय पाहिले तेव्हा पहिल्या गटाचा कॉर्टेक्स सरासरीने कमी क्षेत्रफळाचा होता. दुसऱ्या गटात असा सर्वदूर फरक दिसला नाही. पंधराव्या वर्षी मित्रांच्या नादाने केलेल्या उचापती आणि पाचव्या वर्षापासून चालत आलेली हिंसा एकाच मापाने मोजू नये, हे यातून नक्की घ्यावं. पहिल्या गटातल्या लोकांचे लहानपणचे एमआरआय मात्र कुणाकडे नाहीत. तेव्हा फरक आधीपासून होता की खडतर आयुष्याने पडला, याचं उत्तर हा अभ्यास देऊ शकत नाही.

मेंदूचं कारण पुढे केलं तर शिस्त कशी लागणार?

हा आक्षेप मी सगळ्यांत जास्त गांभीर्याने घेते. ज्या मुलाने दुसऱ्याचं डोकं फोडलं, त्याच्या मेंदूची मापं सांगून फुटलेल्या डोक्याला न्याय मिळत नाही. मर्यादा हव्यातच, परिणामही हवेतच. प्रश्न आहे तो कोणता परिणाम उपयोगी पडतो याचा.

वर्तनविकार असलेल्या अनेक मुलांना, विशेषतः सहवेदना कमी असलेल्यांना, शिक्षेवरून शिकणं अवघड जातं, असं प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. एखादी निवड तोट्याची ठरली की इतर मुलं ती सोडतात, ही मुलं तीच पुन्हा करत राहतात. बक्षिसावरून शिकणं मात्र त्यांना त्या मानाने बरं जमतं. आता घरात काय होतं पाहा. शिक्षा झाली, फरक पडला नाही, म्हणून शिक्षा वाढवली. तरी पडला नाही, म्हणून आणखी वाढवली. आईबापांना वाटतं मूल निर्ढावलंय. मुलाला वाटतं, काहीही केलं तरी मार बसणारच आहे.

अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत जाऊन, कुटुंबांचं वागणं क्षणाक्षणाने टिपून, एक चक्र दाखवून दिलं. बाबा म्हणतात, ‘मोबाइल ठेव.’ मूल किंचाळतं. बाबा आवाज चढवतात, मूल वस्तू फेकतं, बाबा वैतागून म्हणतात, ‘कर काय करायचं ते,’ आणि निघून जातात. घरात शांतता होते. मूल शिकलं की वस्तू फेकली की मोबाइल राहतो. बाबा शिकले की माघार घेतली की भांडण थांबतं. दोघांनाही त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं, म्हणून उद्या दोघंही तेच करणार, जरा जास्त जोरात. यात वाईट कुणीच नाही. ज्या मुलाला आवरणं मुळातच जड जातं, त्याच्या घरात हे चक्र फक्त लवकर सुरू होतं.

पालक-प्रशिक्षण नावाचा उपचार हे चक्रच तोडतो. लहान वयातल्या वर्तनविकारांसाठी सर्वांत भक्कम पुरावा याच उपचाराचा आहे. साधारण १२ ते २० आठवडे तज्ज्ञ पालकांबरोबर काम करतात. रोज थोडा वेळ मुलाच्या मनाप्रमाणे, सूचना न देता खेळायचं. एका वेळी एकच सूचना द्यायची, छोटी आणि स्पष्ट. मुलाने जे नीट केलं त्याचं नाव घेऊन लगेच कौतुक करायचं, ‘शहाणा बाळ’ एवढंच न म्हणता ‘मी सांगितल्यावर लगेच मोबाइल ठेवलास, छान केलंस’ असं. बारीकसारीक कुरबुरींकडे दुर्लक्ष करायचं. आणि मोठ्या चुकीचा परिणाम लहान, ताबडतोब आणि दर वेळी तोच ठेवायचा. वाचायला हे साधं वाटतं. दमून घरी आल्यावर, आजूबाजूचे लोक ‘लाडावून ठेवलंय’ म्हणत असताना, ते रोज करणं फार कठीण असतं. म्हणून तर शिकवणारं माणूस लागतं.

‘तुमचं चुकलं म्हणून तुम्हाला प्रशिक्षण’ असा याचा अर्थ लावू नका. अवघड मुलाला वाढवायला जास्त कौशल्य लागतं, एवढंच. मोठ्या वयाच्या मुलांसाठी कुटुंब, शाळा आणि मित्र या सगळ्यांना धरून चालणारे उपचार आहेत. कंडक्ट डिसऑर्डर बरा करणारं औषध नाही. पण सोबत एडीएचडी किंवा नैराश्य असेल, आणि ते पुष्कळदा असतं, तर त्यावरच्या औषधाने आवरणंही सोपं होतं.

भीती घालून सुधारण्याचे प्रयोग मात्र उलटतात. अमेरिकेत १९७० च्या दशकात बिघडलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून घाबरवण्याचे कार्यक्रम सुरू झाले. ते खूप गाजले. पुढे काटेकोर चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर त्या कार्यक्रमात गेलेल्या मुलांनी न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले होते.

मग एमआरआय काढायचा की नाही?

वर्तनविकाराचं निदान करण्यासाठी नाही. त्यासाठी कुठलंही मेंदूचं चित्र आज मान्य नाही. अहवाल ‘नॉर्मल’ येईल आणि ‘म्हणजे हा मुद्दाम करतो’ असा भलता निष्कर्ष घरात निघेल, ही भीती वेगळीच.

काही लक्षणं असतील तर मात्र थांबू नका: झटके येणं, डोक्याला मार लागल्यावर वागणं बदलणं, आधी येत असलेलं बोलणं किंवा चालणं जाऊ लागणं, सततची डोकेदुखी आणि सकाळच्या उलट्या, किंवा काही दिवसांतच स्वभाव ओळखू न येण्याइतका पालटणं. अशा वेळी एमआरआय लागेल का ते डॉक्टर ठरवतील. तिथे प्रश्न वर्तनविकाराचा नसून दुसऱ्याच आजाराचा असू शकतो.

एमआरआयपेक्षा साध्या आणि जास्त उपयोगाच्या तपासण्या बऱ्याचदा राहूनच जातात. मुलाला नीट ऐकू येतं का? फळा दिसतो का? ते घोरतं का, झोप पुरी होते का? वाचता येत नाही म्हणून वर्गात दंगा करतं का? कुणी त्याला मारतं का, छळतं का, नको तिथे हात लावतं का? हा शेवटचा प्रश्न विचारायला सगळेच कचरतात, पण अचानक आक्रमक झालेल्या मुलाच्या बाबतीत तो टाळून चालत नाही.

बालमानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा बालविकासतज्ज्ञांकडे जाण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवा. मोठं भांडण झालं की चार ओळी लिहा: वेळ काय होती, आदल्या रात्रीची झोप कशी होती, भडका उडायच्या अगदी आधी काय घडलं, आणि त्यानंतर घरातलं प्रत्येक जण काय म्हणालं, काय केलं. शाळेतल्या बाईंना किंवा सरांनाही तेवढंच लिहून मागा. मुलाने काय बरं केलं तेही त्याच वहीत असू द्या. ती वही घेऊन जा. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारायला हाताशी काहीतरी असेल.